चौदा नंबरचा पट्टा

— न्हाई भाऊ, हसू नका, धक्का बराबर जागेवरच बांधलाय. पाणी जागेवर न्हाई, ते वेगळं. बसा. बाक चांगला आहे, सिमेंटचा आहे, ह्या धक्क्यावर सगळ्यात जास्त काम कुणी केलं असंल तर ह्या बाकानं. त्या लोखंडी कड्या दिसल्या का, नाव बांधायच्या? त्यांना लोक शेळ्या बांधतेत. तर कुठं होतो आपण — व्हय, चार्ज. कनेरगाव नाक्यावरून तुमी सकाळच्या गाडीनं आलात, अन् घाटाचा चार्ज आजच घ्यायचा म्हणता. घ्या ना. एकवीस वर्षं झाली मला इथं. मुंजाजी मुनशी म्हणलं की दगडवाडीतलं शेंबडं पोरगं बी घाटाकडं बोट करतंय. यादी काही मोठी न्हाई — नाव एक, वल्ही चार, त्यातलं एक मोडकं, दोर दोन, रजिस्टरं तीन, शिक्का एक. शिक्क्याचं मधलं अक्षर उमटत न्हाई, पण दगडवाडीत ते कुणी वाचत बी न्हाई. सही करा तुमी, पण सहीच्या आधी एक गोष्ट सांगायची आहे. एकच. पण ती सांगायला आधी बाकीचं सगळं सांगावं लागंल, त्याला इलाज न्हाई.

हा धक्का — नव्व्याण्णवला हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला, तवाचा. नवा जिल्हा, नवी हापिसं, अन् मार्चच्या आत खर्चायचे पैसे. कुठल्या तरी फायलीत आमचा घाट निघाला. एक इंजिनिअर आले, गोरेपान, टोपी घातलेले, म्हणले, पाणी कुठपर्यंत येतं? घाट समितीचे सातही मेंबर उभे होते. सातही जणांनी त्या दगडी खांबाकडं बोट केलं. खोटं न्हाई, धरण काठोकाठ भरलं की पाणी खांबाला लागतंच. किती वर्षांतून एकदा भरतं, ते इंजिनिअरनी विचारलं न्हाई, अन् विचारलं तेवढंच सांगावं ही आमच्या समितीची रीत. काहून म्हणता? अहो, धक्का खाली बांधला असता तर सिमेंटच्या गाड्या कुणाच्या पिकाच्या पट्ट्यातून गेल्या असत्या? मेंबरांच्याच ना. तर धक्का झाला. तवापासून सात वर्षांत पाणी धक्क्याला दोनदा लागलं. एकदा अकरा दिवस, अन् एकदा एक रात्र — ते मी बघितलं न्हाई, मी घरी झोपलो होतो, पण सकाळी ओल होती. उद्घाटनाला तर नाव बैलगाडीत घालून इथपर्यंत आणली. पाहुणे नावेत बसले, जमिनीवरच, चौघांनी नाव जराशी हलवली, फोटो निघाला. फोटोत पाणी न्हाई हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. पंचायतीत लावलाय, बघा कधी.

आता पैशाचं. लई न्हाई, घाबरू नका, घाटाचं अंदाजपत्रक एका पानाचं असतं, अन् ते पान बी खालून कोरं राहतं. जमा तीन — नावेचं तिकीट, जाळी वाळवायची पट्टी, अन् काठाचा खंड. खर्च चार — नावाड्याचा पगार, डांबर, दोर, अन् चहा. चहाला तक्त्यात 'देखभाल' म्हणायचं. जमा-खर्च बराबर आला पाहिजे, एवढाच नियम. शिल्लक राहिली तर वरचे विचारतेत काहून राहिली, तूट आली तर विचारतेत काहून आली. बराबर आलं की कुणी काही विचारत न्हाई. एवढं ध्यानात ठेवलं तर तुमी बी एकवीस वर्षं काढाल.

अन् काठ. तुमी काठ म्हणून जे बघून राहिले ना, तो आज तिथं आहे. संक्रांतीला त्या बाभळीपाशी असंल, उन्हाळ्यात पार दिसायचा बी न्हाई. पाणी मागं हटलं की खालची गाळाची जमीन उघडी पडते, काळी, लोण्यासारखी. हरभरा फेकला तरी येतो. ती गाळपेर. धरणवाल्यांनी एवढा काठ घाट समितीला दिलाय, अन् समिती दरसाल कार्तिकात चिठ्ठ्या टाकून पट्टे वाटते. बावीस पट्टे. उद्या त्याच चिठ्ठ्या आहेत, ह्याच धक्क्यावर. पट्टा म्हणजे खांबाच्या रेषेपासून पाण्यापर्यंत — पाणी मागं सरकंल तसा पट्टा लांबत जातो, खंड तेवढाच राहतो. म्हणून एखाद्या साली पाऊस कमी झाला की सगळा मुलूख रडतो, अन् आमचे बावीस जण तोंड पाडून बसतेत, चुकून हसू येऊ नये म्हणून.

आता समोर बघा. धक्क्याच्या अगदी नाकासमोर. दोन्ही बाजूंनी काट्याचं कुंपण, मधी उघडा, अन् त्यातून पायवाट गेलीय पाण्यापर्यंत. दिसली? तो चौदा नंबरचा पट्टा. पलीकडं नाईकतांडा आहे, शंभरावर उंबरा. त्यांना दवाखाना, बाजार, चौथीच्या पुढची शाळा — सगळं इकडं. नावेतून उतरायचं, चौदा नंबरातून वर यायचं, सडकेला लागायचं. सडकेनं यायचं म्हणलं तर धरणाला वळसा, तीस किलोमीटर. म्हणजे वाट एवढीच. अन् ती उघडी आहे कारण चौदा नंबरचा खंडकरी काही पेरत न्हाई. ग्यानबा लिंबाजी मोगरे, राहणार साखरा. खंड भरतो, सगळ्यांच्या आधी भरतो, पण पेरत न्हाई.

अजब माणूस म्हणता? आमची समिती बी तेच म्हणली. पहिल्या साली कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. दुसऱ्या साली सरपंच म्हणले, जमीन पाडून ठेवायची होती तर घेतली काहून? नोटीस काढा. काढली. ग्यानबाचा अर्ज आला — पाठीत चमक निघाली आहे, औंदा माफी असावी. तिसऱ्या साली बी चमक. मग पन्नास रुपये दंड केला, चार लोकांत वाईट पायंडा पडतो म्हणून. दंड भरला त्यानं. असा दंड भरणारा माणूस आमच्या समितीनं कधी बघितलाच न्हवता. एकदम इज्जत वाढली त्याची. त्या हापिसच्या भिंतीवर बघा, 'नियमित खंड भरणारे' — एकच नाव आहे. पंधरा ऑगस्टला त्याचा सत्कार ठेवला, नारळ अन् टोपी. तो आला न्हाई, त्याच्या वतीनं मी घेतलं. मागच्या साली तर रिकाम्या जागेवर त्याला समितीत घेतला, बिनविरोध. पत्रानं मत देतो. धक्क्याला रंग द्यायचा का न्हाई ह्यावर तीन-तीन झालं होतं, अन् ग्यानबाच्या पत्रावर सगळं अडलं. मी त्याला तटस्थ ठेवला.

— व्हय. मी ठेवला. मी असंच म्हणलं.

चहा घेता का? न्हाई? बरं. तर — तुमी शाणे आहात, तुमच्या कपाळावरूनच कळलं मला. ग्यानबा न्हाई. म्हणजे मेला असं न्हाई, मरायला बी आधी असावं लागतं. नाव आमच्या आज्याचं, आडनाव बाजारातल्या सायकलवाल्याचं, अन् गाव साखरा, कारण ते पार सेनगाव तालुक्यात, तिकडून इकडं कोण चौकशीला येऊन राहिलंय. अर्ज मी लिहायचो, डाव्या हातानं. खंड माझ्या पगारातून. चिठ्ठ्या बी मीच काढतो, चौदाची दरसाल त्यालाच निघते. घरी सांगितलंय की भिशी आहे. नऊ वर्षं झाली.

काहून, काहून — सांगतो की. त्याच्या आधी चौदा हा नंबरच न्हवता. रजिस्टरात तिथं 'घाटवाट' लिहिलेलं असायचं अन् पुढं उत्पन्न निरंक. शहाण्णवला नावेच्या तळाच्या फळ्या बदलल्या, अन् अंदाजपत्रकात अकराशे रुपयांची तूट आली. सात मेंबर चहा पीत विचार करत बसले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी म्हणलं, घाटवाटेला बी नंबर देऊ अन् खंडानं लावू. मीच म्हणलं. लई कौतुक झालं. लोकं येतील कुठून, असं एकानं विचारलं, तर म्हणलं, कडेनं येतील, काय होतंय. कडेनं म्हणजे गाळ, भाऊ. वरून सुकलेला दिसतो अन् पाय ठेवला की मांडीपर्यंत. ठरावात मी लिहिलं, 'सदर वाट बंद केल्याने कोणाचीही तक्रार नाही.' अक्षर चांगलं आहे माझं, तुमाला रजिस्टरात दिसंल. पट्टा एका बाईच्या नावावर लावला. हरभरा पेरला, अन् शेळ्या येऊ नयेत म्हणून काटे ओढले, खांबापासून पाण्यापर्यंत, वाटेच्या तोंडावर तीन पदरी.

त्या साली मार्गशीर्षात तांड्यावरच्या जिवनबाईची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. शिला. पहिलटकरीण. सकाळपासून अडली होती. दुपारी बाजेवर घालून नावेतून आणली. सडकेवर जीप उभी — इथून दिसत होती मला, जीपवाला पानाला चुना लावत होता ते बी दिसत होतं. चौघांनी बाज उचलली अन् कुंपणापाशी आले. शिलाचा भाऊ रणजीत ओरडला, काटे काढा! तर आमची ही म्हणाली, मुनश्याला विचारा, मला काय —

व्हय. ती बाई म्हणजे आमची ही. सत्यभामाबाई. नाव तिचं, हरभरा माझा. सांगायचं न्हवतं, निघालं तोंडातून. अन् मुनशी कुठं होता म्हणाल, तर मुनशी तिथंच होता, हातात विळा घेऊन. मी म्हणलं, कडेनं घ्या ना, पीक कोवळं आहे. एवढंच म्हणलं. रागानं न्हाई म्हणलं. कुणाला पाणी हवं का विचारावं, तसं म्हणलं.

गेले ते कडेनं. दीड तास लागला त्यांना — तुमी चालत जाल तर बिडी संपायच्या आत पोचाल, एवढं अंतर. दोघं कमरेपर्यंत रुतले, बाज कलली. लेकरू गाळातच झालं. पोरगी. ती जगली. शिला जीपमधीच गेली, जीप आखाडा बाळापूरच्या रस्त्याला लागली तवा. रक्त लई गेलं होतं. मी नंतर काटे काढले, संध्याकाळी. कुणी सांगितलं न्हवतं. हात फाटले माझे, पण आता त्याचा काय उपयोग होता, तुमीच सांगा. त्या साली हरभरा चांगला झाला. अंदाजपत्रक बराबर जुळलं, पैशाचा फरक न्हाई.

पोलीस? न्हाई, कसले पोलीस. रजिस्टरात लिहिलेलंच होतं ना, तक्रार नाही. पुढच्या कार्तिकात मी म्हणलं, चौदा नंबर परत घाटवाट करा. मेंबर म्हणले, अन् अकराशे? एकदा जमेत आलेली रक्कम पुन्हा निरंक कशी दाखवायची? वरचे विचारतील. बराबर होतं त्यांचं, मीच शिकवलं होतं. मग मी ग्यानबा काढला. जमा बी राहिली, वाट बी राहिली. कुणाला काही सांगावं लागलं न्हाई. मला वाटलं, झालं.

जिवनबाई माझ्याशी बोलत न्हाई. शिव्या बी देत न्हाई. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिवी ऐकून माणूस खाली तरी बघतो. नावेतून उतरते, समोरून जाते, अन् मी त्या खांबासारखा. दहा वर्षं. तिच्या नातीला ती सांभाळते, मिना, पाचवीत आहे, रोज चौदा नंबरातून पळत जाते, दप्तर डोक्यावर घेऊन. पण वर्षातून एकदा बोलते जिवनबाई. संक्रांतीला. शेरभर तीळ आणते, फडक्यात बांधून, तिथं ठेवते — माझ्या हातात न्हाई, टेबलावर — अन् म्हणते, त्या साखऱ्याच्या माणसाला पोचते करा. पीक सोडून देतो, पण आमची वाट अडवत न्हाई. देव त्याला औक्ष देवो. तेवढं बोलून जाते.

तीळ? काय करणार. घरी नेतो. ही विचारते कुठून आले, म्हणतो बाजारातून. लाडू करते. खातो मी. नऊ वर्षं खाल्लेत, भाऊ. एकदा वाटलं पाण्यात टाकावेत, पण तिच्या शेतातले ते, टाकवले न्हाईत. लाज वाटते मला, सरळ सांगतो. त्या औक्षाची लाज वाटते.

तर आता मुद्दा. समितीनं औंदा नियम केलाय — उद्या चिठ्ठ्यांना प्रत्येक खंडकऱ्यानं स्वतः यायचं, दोन फोटो घेऊन. जो येणार न्हाई त्याचा पट्टा लिलावात. चौदा नंबरवर तिघांचा डोळा आहे, नऊ वर्षं पडीक, तशी जमीन सोन्याची. घेतला की पहिलं काम काटे. अन् मी तर आज रिटायर होऊन घरी बसलो. म्हणून म्हणतो, भाऊ — तुमाला इथं कुणी ओळखत न्हाई. चार्ज काय, परवा घेतला तरी चालंल, एसटी चुकली सांगा. उद्या तेवढं धोतर नेसा, फोटो मी काढून आणतो, अन् ग्यानबा म्हणून या. पाठीला हात लावून चाला जरा. अंगठा उठवा, जा. मग परवा मिशी काढून मुनशी म्हणून या. खंड मी भरत राहीन, जिता आहे तोवर. हसू नका, मी सगळं ठरवून बसलोय, धोतर बी आणलंय, त्या पिशवीत आहे.

काय म्हणलात?

न्हाई, ऐकू आलं. तांड्यानं अर्ज काहून दिला न्हाई, असंच ना? वाट आमची आहे, मोकळी ठेवा, म्हणून. शंभर उंबरा, शंभर अंगठे. आला असता तर समितीला घ्यावाच लागला असता, जिल्ह्याला गेला असता. रणजीत तर लिहिता-वाचता आहे. दिला न्हाई खरा. काहून दिला न्हाई… कारण — कारण त्यांना वाटतं, ग्यानबा आहे. चांगला माणूस बसलाय तिथं, अर्ज कशाला करायचा. असंच ना? असंच.

म्हणजे त्यांची वाट मीच अडवली. पहिल्यांदा काट्यानं, अन् मग ह्या ग्यानबानं.

नऊ वर्षं, भाऊ, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. मला वाटायचं मी फेडून राहिलो.

ती नाव आली बघा. दुपारची. आज गर्दी न्हाई — दोघीच आहेत. त्या लुगड्यावाल्या — थांबा, डोळ्याला दिसत न्हाई नीट — जिवनबाई. अन् ती पोर मिना. आज शाळेला सुट्टी आहे, मग? नावाडी सकाळी म्हणत होता, बाई विचारत होत्या, साखऱ्याचा माणूस उद्या येणार का आजच येऊन बसलाय, मला त्याला एकदा डोळ्यानं बघायचंय. मी म्हणलं, चेष्टा करून राहिला. हातात काय आहे तिच्या? संक्रांत तर लांब आहे.

वर येऊन राहिल्या. सरळ इकडंच. माझ्याकडं न्हाई बघत ती, माझ्याकडं ती कधीच बघत न्हाई. तुमच्याकडं बघून राहिली. नवा माणूस, परगावचा, धक्क्यावर बसलेला — तुमाला ग्यानबा समजून राहिली ती. पोरीला पुढं करून राहिली. भाऊ, धोतराचं सोडा, ते मी म्हणलोच न्हाई. उठा तुमी. उठा आधी, नमस्कार करू नका तिला, हात बी जोडू नका, एकदा तिनं मानलं की मग मला बोलता यायचं न्हाई. सही नंतर. तुमी नावेत जाऊन बसा. जा म्हणलं ना —

जिवनबाई. थांबा. वाकू नका. तो न्हाई.